नववं पान

सुनावणी संपली की तिन्ही न्यायाधीशांनी खाली उतरून दोन्हीकडच्या वकिलांशी हात मिळवायचा, ही त्या केंद्रीय अपील न्यायालयाची जुनी रीत. तीस वर्षं न्यायाधीश असलेल्या लॉरेन हॅस्किनला अर्नेल मेबरीच्या वकिलाचा हात विसरता येत नव्हता. गार होता, ओला होता. मेबरीला बावीस वर्षांची शिक्षा झाली होती. पोलिसांनी घेतलेली त्याच्या गाडीची झडती बेकायदा ठरली, तरच तो सुटणार होता. तिघांपैकी एक न्यायाधीश त्याच्या बाजूने, एक विरुद्ध. तिसरं मत लॉरेनचं.

तिने त्याच्या बाजूने निकाल लिहिला आणि मसुदा दोघांकडे पाठवला. चौथ्या दिवशी विरुद्ध मताचा एव्हरेट टॉलिव्हर तिच्या दालनात आला. एरवी तो शेरे लेखी पाठवायचा. आज खिडकीतल्या सुकलेल्या जिरेनियमला नावं ठेवत उभाच राहिला.

"झाड मेलंय, मला माहीत आहे," लॉरेन म्हणाली. "बस आणि काय ते सांग."

त्याने मसुद्याचं नववं पान उघडलं. तिथे तिने एकोणीस वर्षांपूर्वी अशाच एका झडतीच्या खटल्यात स्वतः लिहिलेला परिच्छेद आधाराला घेतला होता.

"शब्द तुझेच आहेत," तो म्हणाला. "पण तेव्हा तू एकटी पडली होतीस, लॉरेन. बाकी दोघांनी उलट निकाल दिला. हे तुझं असहमतीचं मत आहे."

तिने जुन्या निकालांचा खंड काढून पाहिला. तो म्हणत होता तसंच होतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो परिच्छेद तिने इतक्यांदा शिकवला होता, की तिच्या मनात तोच कायदा होऊन बसला होता. मसुदा तपासणाऱ्या तिच्या मदतनीसांनी फक्त शब्द ताडून पाहिले. न्यायाधीशबाईंना आपली हार आठवणार नाही, हे कुणाच्या मनात येणार?

"मी कुणाला सांगणार नाही," एव्हरेट म्हणाला. "मसुदा मागे घे."

"आणि मेबरी?"

त्याने मसुदा मिटून तिच्यासमोर ठेवला. आधीच्या पीठाचा निकाल पुढच्या पीठाला मोडता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोन आठवडे तिने दुसरी वाट शोधली. सापडली नाही. मग मेबरीचं अपील फेटाळणारी चार पानं तिने लिहिली, ज्या निकालाला तिने विरोध केला होता त्याच्याच आधारावर. तो निकाल चुकीचा होता असं मला आजही वाटतं, एवढं एक वाक्य शेवटी घातलं. त्याच दुपारी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तीचं पत्र लिहिलं.

निकाल कार्यालयातून परस्पर वकिलांकडे गेला. त्यासाठी खाली उतरून कुणाचा हात हातात घ्यावा लागत नाही.