जवाला फुटलेले कोंब

सकाळपासून तामितचा पाय एका जागी ठरत नव्हता. भाकरी भट्टीत टाकायची, की जिन्याखाली जाऊन पिशव्या चाचपायच्या. एकीत जव, दुसरीत गहू. दोन्हींवर रोज आपलं मूत्र शिंपडायचं. पोट राहिलं असेल तर कोंब फुटतात. नाईलकाठच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

गेल्या बाळंतपणात मूल गेलं आणि तामित मरता मरता वाचली. "पुन्हा राहिलीस तर मला बोलावू नकोस," सुईण केमी तोंडावर म्हणाली होती. मग तिनेच बाभळीच्या शेंगा मधात वाटून मडक्यात भरून दिल्या, त्यात चिंधीचा बोळा भिजवून आत ठेवायला शिकवलं. तामितने कधी कुचराई केली नाही. पण हाथोर देवीच्या जत्रेत बिअर डोक्यात गेली, नवरा लाडात आला आणि मडकं फळीवरच राहिलं. तेव्हापासून पाळी नाही.

लेक नुबेत रोज माहेरीच दळायला येई. नवी नवरी, पण आताशा गप्प गप्प. मध्यंतरी तिने विचारलं होतं, "आई, त्या मडक्यात काय गं?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? आधी एक होऊ दे, मग सांगेन."

आज तामितने पिशवी उघडली. जवाला पांढरे कोंब फुटले होते. ती तिथेच फतकल मारून बसली. मरायची भीती वाटली, सरळ भीती.

आणि दुपारी तिला पाळी आली.

तामित हसली, रडली, हाथोरला हात जोडले. मग हात तसेच राहिले. कोंब मग कुणाचे?

दळणाचा आवाज थांबला होता.

"मीच गं," नुबेत मान खाली घालून म्हणाली. "तुझ्यानंतर रोज मीही त्याच पिशव्यांवर शिंपडत होते. घरी पिशव्या ठेवल्या असत्या तर सासूने गावभर केलं असतं."

"अगं, मग रडतेस काय?"

"त्या बाळंतपणात तू ओरडत होतीस ना, तेव्हा दाराशी पाण्याचा घडा घेऊन मीच उभी होते, आई. मला इतक्यात नको होतं. म्हणून तर मडक्याचं विचारलं होतं."

तामितने फळीवरचं मडकं उचललं, अजून निम्मं भरलेलं, आणि पुन्हा जागेवर ठेवलं. लेकीची कंबर अगदी तिच्यासारखी अरुंद होती.