फाटकाबाहेरची फुंकर

लसीकरण केंद्राच्या फाटकाबाहेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्चीत बसून फुंकरबाबा तान्ह्या बाळांच्या टाळूवर फुंकर घालत होता. वस्तीत मेंदूज्वराची साथ होती, पण बाबाची फुंकर लागलेलं एकही बाळ आजारी पडलं नव्हतं.

"सुईला कळत नाही ते माझ्या श्वासाला कळतं," बाबा म्हणे. "डॉक्टरीणबाईंनाच विचारा, त्यांची लस या तापावरची आहे का?"

बाई खोटं बोलत नसत. "ही लस याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारावरची आहे," त्या म्हणाल्या होत्या. "या साथीतही थोडाफार आधार मिळेल, पण खात्री देता येत नाही."

लोकांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. मग आत जायचं कशाला?

शिंप्याच्या सुनेला आत जायचं होतं. सासू म्हणाली, "लेकराला टोचून उगाच रडवतेस कशाला? बाबा आहेत ना." सुनेने बाळ बाबापुढे धरलं. नुसती फुंकर घेऊन दोघी घरी आल्या.

आठवड्याभरात बाळ तापाने फणफणलं. दूध तोंडात धरेना. अंगावर जांभळे डाग उठले. इस्पितळात पोचेपर्यंत उशीर झाला होता. शिंप्याच्या मशीनवर नातवाचं झबलं अर्धवट शिवलेलं राहिलं.

काही दिवसांनी सून फाटकापाशी येऊन उभी राहिली. "बाबा, माझं बाळ का गेलं?"

"श्रद्धा कमी पडली, पोरी."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी रांगेला विचारलं, "ज्या बाळांवरून बाबांचं नाव झालं, त्यांतलं लस न घेता नुसती फुंकर घेतलेलं एक तरी बाळ सांगा."

बायका आठवू लागल्या. सुरुवातीला बाबाच म्हणायचा, "आधी टोचून या, मग सुईचं विष उतरवतो." त्याच्यापुढे येणारं प्रत्येक बाळ लस घेऊनच फाटकाबाहेर पडलेलं असे. लस टाळून थेट फुंकरीला जायची टूम अलीकडची.

"दोन्ही जंतू सख्खे भाऊ," बाई म्हणाल्या. "अंगरखा वेगळा, पण तोंडवळा मिळताजुळता. लसीने एकाला ओळखायला शिकलेलं शरीर कधीकधी दुसऱ्यालाही अडवतं. नेहमीच नाही, म्हणून मी खात्री दिली नाही. ह्यांनी दिली."

बाबाने खुर्ची उचलली आणि गर्दीतून वाट काढली. त्याला कोणी अडवलं नाही.

चमत्कार दिसला, की त्याच्याआधी काय घडलं होतं, एवढं विचारा. आणि लेकरू हाताशी असतानाच विचारा. शिंप्याच्या घरी तो प्रश्न उशिरा पोचला.