काठीचा फिकट मणी

मित्रांनो, धाकटीच्या गळ्यातल्या माळेत एक फिकट लाकडी मणी दिसतो ना, तोच मी. दिसायला साधा, वयाने जुना. माझ्यावरून दोन सख्ख्या बहिणींचा अबोला झाला होता, हे तुम्हाला खरे वाटणार नाही.

मी मुळात त्यांच्या बाबांच्या काठीचा खालचा भाग. बाबा गेले आणि काठी दाराआड उभी राहून तडकली. टाकून देववेना, म्हणून मुलींनी ती मणीवालीकडे नेली. मणीवालीचे दुकान म्हणजे एक अरुंद खोली. मोडक्या खुर्च्यांचे पाय, करवंट्या, फळांच्या बिया, लोकांनी टाकलेले जे हाती लागेल त्याचे ती दागिने करी. तिने काठी करवतीने कापली, गिरमिटाने मला भोक पाडले, काचकागदाने घासघासून गोल केले आणि वर तेलाचे बोट फिरवले. मी पहिल्यांदाच चमकलो.

माळा आणायला थोरली एकटी गेली. तिची माळ काळसर, जड. धाकटीची आमची, फिकट. धाकटीने मला नखाने टोकरले, नाकाशी धरून हुंगले. मी अंग चोरून बसलो.

"ताई, हे बाबांच्या काठीचं लाकूड नाही."

"काहीतरीच काय! काठीत दोन लाकडं होती म्हणाली मणीवाली."

"आणि चांगलं नेमकं तुझ्या वाट्याला आलं? रोज मी त्यांना फिरायला नेत होते. काठी एकसंध होती!"

थोरली चहा तसाच ठेवून निघून गेली.

धाकटी मग तडक दुकानात गेली. "आमचं लाकूड ठेवून घेतलंत आणि भलतंच माथी मारलंत!"

"बाई, काठीवरच्या पितळी कड्याखाली सांधा होता. हे बघा ते कडं."

"कडं काय, कुठलंही दाखवाल!"

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी हातातली कर्णफुले हळूच खाली ठेवली आणि काढता पाय घेतला. मला ओरडून सांगायचे होते, पण मण्याला कुठला आवाज!

मग मी डबीत पडलो. संशयाची लागण वाईट, मित्रांनो. अंधारात मलाही वाटू लागले, मी खरंच काठीचा आहे ना?

एकदा काका घरी आले. धाकटीने गाऱ्हाणे सांगत मला त्यांच्या तळहातावर ठेवले. काका हसले.

"अगं, हा आमच्या मोडक्या फावड्याचा दांडा! काठी तुझ्या आईची, शेवटच्या आजारपणातली. तू तेव्हा रांगत होतीस. दादाचे गुडघे गेले तेव्हा त्याने माळ्यावरून तीच काढली. बुटकी पडली, म्हणून खाली मी तुकडा जोडून दिला. नवी घ्यायला तयारच नव्हता."

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"हसाल म्हणाला."

धाकटी त्याच पावली ताईकडे गेली. दोघी खूप रडल्या. मग माफी मागायला आणि दोन्ही माळांचे मणी मिसळून ओवून घ्यायला मणीवालीकडे गेल्या.

मणीवालीने सगळे ऐकून घेतले. "माफी पोचली," ती म्हणाली, "पण तुमच्या माळा आता माझ्या हातून ओवून होणार नाहीत."

म्हणून बहिणींनी घरीच आम्हाला एकत्र ओवले. दोरा गाठाळ, मणी वाकडे. पण आईची काठी आणि माझे फिकट लाकूड दोघींच्या गळ्यात सारखे आले.

मित्रांनो, मला पाण्यात भिजवू नका, अधूनमधून तेल लावा. लाकूड तेवढ्याने टिकते. माणसांचे मात्र मला सांगता येत नाही. त्या दुकानासमोरून जाताना धाकटी अजून मला ओढणीखाली झाकते, आणि आतली करवत तेवढ्यापुरती थांबते.