धाकटीचा फॉर्म

“खोटं बोलते का?”

“नाही हो.”

“दुसऱ्याच्या वस्तू न विचारता घेते?”

“खाऊचा डबा उघडा टाकून जा, परत आल्यावर जसाच्या तसा. माझी दोन कार्टी फस्त करतील, पण ही हात लावायची नाही.”

बाईंनी ‘खरे नाही’च्या चौकटीत खूण केली. सकाळपासूनचं हे चौथं घर. पंचवीस प्रश्न चौथ्यांदा वाचताना जीभ आपली आपण चालत होती, डोकं कुठेतरी मागे राहिलं होतं. उत्तरं देणारी काकू पलंगाच्या कडेला बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. जिच्याबद्दल हे विचारणं चाललं होतं, ती अकरा वर्षांची पुतणी आत भांडी घासत होती. नळ तिने अगदी बारीक सोडला होता.

वस्तीत बाईंना सगळे ‘फॉर्मवाली बाई’ म्हणत. त्याआधी वीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. एड्सने गेलेल्या कित्येकांची तोंडं त्यांनी शेवटी पुसली होती, या मुलीच्या आईचंही. आता त्या माणसांची मागे उरलेली मुलं त्यांच्या वाट्याला आली होती. घरोघर जायचं, मूल झोपेत दचकतं का, मारामारी करतं का, एकटं एकटं राहतं का, ते विचारायचं आणि बेरीज करायची. सतरा किंवा त्याहून जास्त आली, की मुलाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. डॉक्टर फक्त गुरुवारी येत.

बेरीज झाली तीन.

“चांगलं आहे ना?” काकूने विचारलं. “गुणी आहे हो पोर. पाचला उठते, न सांगता. हट्ट नाही, रडणं नाही. बाप गेला तेव्हाही टिपूस काढलं नाही. स्वतःचा पेलासुद्धा वेगळा ठेवते. मी नाही हं सांगितलं, शप्पथ! दोनदा रक्त तपासलं, तिला काही नाहीये, ठाऊक आहे मला. एकदा ओरडलेसुद्धा मी. तर म्हणते, राहू दे काकू, सवय आहे.”

बाईंचं पेन थांबलं. पेल्याबद्दल फॉर्मात प्रश्न नव्हता.

अकरा आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांना स्वतःलाही विचारायचं, असा नियम होता. मुलगी हात पुसत आली आणि ताठ बसली. प्रश्न पुरा होण्याआधीच तिचं “नाही” तयार असे. ‘मला पुष्कळदा रडू येतं’ला नाही. ‘मला भीती वाटते’ला नाही. शेवटचा प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, “पास व्हायला किती लागतात?”

“ही परीक्षा नाही गं, बाळा.”

“ताईला सव्वीस पडले होते.”

काकूने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

थोरलीचा फॉर्म बाईंनीच भरला होता, सव्वा वर्षापूर्वी. तेव्हा ती चौदाची होती. काच फोडली होती, दोनदा घरातून पळाली होती, काकाच्या हाताला चावली होती. सव्वीस आल्यावर बाईंना बरंच वाटलं होतं, की आता कुणीतरी हिच्याकडे बघेल. पण डॉक्टरांकडे तीन महिने जागा नव्हती. लांबच्या एका वसतिगृहात मात्र होती. काका-काकूंनी फॉर्मवरचा आकडा पुढे केला, सही झाली, आणि थोरलीची पिशवी गाडीत बाईंनीच नेऊन ठेवली.

“मला किती?” धाकटीने विचारलं.

“तुझ्या उत्तरांचे दोन.”

तिने श्वास सोडला. “म्हणजे मी इथेच राहणार.” आणि ती उरलेली भांडी घासायला आत गेली.

पाचव्या घरी बाई गेल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं असं नाही. नवरा होता, तो जेवणाची वाट बघत असे. एकुलता एक लेक परगावी होता, आणि फोनवर “सगळं ठीक” एवढंच म्हणायचा. बाईंना तेही आज पहिल्यांदाच टोचलं.

दुपारी कार्यालयात साहेबांनी गठ्ठा चाळला. “ही तीनवाली वर कशाला काढलीत?”

“डॉक्टरांना दाखवायची आहे.”

“अहो बाई, सतरा लागतात. इथे वीस-बावीसवाली पोरं रांगेत आहेत. तीनवालीला घुसवलं तर त्यांना काय सांगू?”

“आकडा बरोबर आहे साहेब. पोर बरोबर नाही.”

“म्हणजे?”

बाईंना नीट सांगता येईना. पेल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, “समंजस आहे, एवढंच दिसतंय यात.” माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर असे चार गठ्ठे होते. त्यांनी फॉर्म खालच्या कप्प्यात सरकवला.

बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा शब्द मोडला नव्हता. गुरुवारी त्या डॉक्टरांच्या दाराशी उभ्या राहिल्या. शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत पाच वाजले. डॉक्टर तरुण होते, पण दिवस संपताना त्यांचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसे. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं ऐकलं, मग खुर्चीत परत बसले.

“बघतो मी तिला. पुढच्या गुरुवारी, सगळ्यांच्या नंतर. पण बाई, माझ्याशी ती बोलायची नाही. तोंड उघडलं की घरातून काढतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. आधी बहिणीला भेटवा. नेलंय का कधी कुणी?”

नेलं नव्हतं. काकाला सुट्टी मिळत नव्हती, काकूला घर सुटत नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काका म्हणाला, “न्या. आम्हालाही वाटतं हो, पण कुठल्या तोंडानं जायचं तिच्यापुढे?”

रविवारी सकाळच्या बसने दोघी निघाल्या. धाकटीने केस चापून बांधले होते आणि खिडकीची जागा बाईंना दिली होती. अर्धा रस्ता गेल्यावर बाई म्हणाल्या, “तुझ्या ताईचा फॉर्म मीच भरला होता. वाटलं होतं, डॉक्टर तिला बघतील. झालं भलतंच. चुकलं माझं.”

“मला माहितीये,” मुलगी म्हणाली. “मी दारातच होते.”



थोरली उंच झाली होती. वसतिगृहाच्या ओसरीतल्या बाकावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या, पाहुण्यांसारख्या. बाई मुद्दाम लांब, फाटकाजवळ थांबल्या. तरी थोडं ऐकू येत होतं.

“काकू मारते?”

“नाही.”

“मग रोडकी का झालीस?”

“उंच होतेय.”

“खोटारडी.” थोरलीने तिचं सुटलेलं बटण लावलं. मग स्वतःचं कपाट दाखवायला आत घेऊन गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा थोरलीचे डोळे लाल होते, धाकटीचे कोरडे. चारला घंटा झाली. धाकटीने वॉर्डनबाईंचे आभार मानले, बहिणीला हात केला, आणि वळणापर्यंत शहाण्यासारखी चालत आली.

थांब्यावर बस उभीच होती. बाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून हात पुढे केला. मुलगी जागची हलली नाही.

“चल गं.”

“नाही येणार.”

“अगं, बस सुटेल.”

“नाही येणार मी! नाही येणार!” आणि ती मातीत बसली, भर रस्त्यात, स्वच्छ धुतलेल्या फ्रॉकनिशी. बाई खाली उतरून वाकल्या, तशी तिने दोन्ही मुठींनी त्यांना मारायला सुरुवात केली, पोटात, मांडीवर, लागेल तिथे. “तुम्ही नेलंत तिला! तुम्हीच नेलंत! आईला पण तुमच्याच दवाखान्यात नेलं होतं!” पुढचे शब्द रडण्यात बुडाले. आवाज इतका मोठा होता, की खिडक्यांतून माणसं डोकावू लागली.

“एवढी घोडी झाली, शोभतं का हे?” कुणीतरी म्हणालं. “आवरा तिला!”

“रडू द्या,” बाई म्हणाल्या.

कंडक्टरने दारातून विचारलं, “मावशी, येताय का? यानंतरची बस दीड तासानं आहे.”

“जा तुम्ही.”

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत बाईंनी पदर नाकाला लावला. मग एका हाताने थांब्याचा खांब धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशा त्या हळूहळू मुलीशेजारी मातीत बसल्या. ती अजून मारत होती, पण आता मुठी सैल पडत होत्या. बाईंनी हात धरले नाहीत.