सात, अकरा, तेरा आणि दादाची साखर

"आला! माझाच आकडा परत आला!" दादा बाकावर चढून ओरडला आणि साबण कारखान्यातल्या कामगारांनी कँटीन डोक्यावर घेतलं.

कँटीनमध्ये आलेल्या आकडेबाबांचा चमत्कार झटपट होता. गुपचूप तीन आकडी संख्या लिहायची, तीच पुन्हा शेजारी लिहून सहा आकडी करायची. मग बाबा डोळे मिटून गर्जत, "सातानं पाप काप! अकरानं ताप काप! तेरानं शाप काप!" मोबाइलवर तीनदा भागलं की पहिली संख्या जशीच्या तशी हजर! मुकादमाची आली, स्वयंपाकिणीची आली, न शिकलेल्या रखवालदाराचीही आली.

"गेलेलं परत येतं, तब्येतही येईल. मधुमेहाच्या गोळ्या आजपासून बंद!" बाबांनी फर्मावलं. दादानं गोळ्यांची पट्टी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या काळजाचं पाणी झालं. गेल्या वर्षी गोळ्या चुकल्या, तेव्हा दादा तीन दिवस बेशुद्ध होता. सगळे तिला पेटीवाली म्हणत. नऊ वर्षं ती साबणाच्या पेट्या भरत होती.

"सात, अकरा, तेरा..." ती पुटपुटली. हात आपोआप हलू लागले. ओळीत सात वड्या, अकरा ओळी, तेरा थर. ती खो खो हसत सुटली.

"बाबा, ही तर आमची पेटी! हजार एक वड्यांची!"

"बाई, ही गूढ विद्या आहे!"

"कसली विद्या? पाचशे दोनदा लिहा. पाचशे हजार आणि वर पाचशे. म्हणजे पाचशेची हजार एक पट. हजार एकचे मूळ अवयव सात, अकरा, तेरा. तिघांनी भागलं की हजार एक गेले, उरले पाचशे! आता सतरानं भागून दाखवा की!"

"सतरा अशुभ असतो," बाबा पिशवी उचलत म्हणाले.

हसून हसून मुकादमाला ठसका लागला. रोज हाताखालून जाणारे आकडे बाबांच्या तोंडून ऐकले आणि सगळे पाया पडले होते!

"पण माझी तब्येत?" दादा कुरकुरला.

"तू काय लिहिलं होतंस?"

"सकाळची साखर. तीनशे बारा."

"आणि परत किती आली?"

"तीनशे बाराच," दादा म्हणाला. मग मुकाट्यानं उठला आणि कचऱ्याच्या डब्यात हात घातला.

लोकहो, आकडा परत येतो, कारण तो कुठं गेलेलाच नसतो. साखरेचंही तसंच. चमत्कार दिसला की आधी कागद-पेन्सिल घ्या, आणि गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांनाच विचारा.