बिनशिक्क्याची पळी

वजनमापे निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षे काढलेला माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी निरीक्षकसाहेबांना पाहिलेले नसावे. दुकानांतले तराजू आणि पंपांवरची मापे तपासायची सोय उरली नाही, तेव्हा साहेबांनी आपला मोर्चा गाडीकडे वळवला. ही गाडी म्हणजे उभयतांचा फिरता संसारच होता. मागच्या भागात बिछाना, हातभर लांबीचा ओटा, डिझेलवर चालणारी शेगडी आणि बिछान्याखाली डिझेलचाच हीटर. शेगडी आणि हीटर यांना मिळून दहा लिटरांची वेगळी टाकी होती, आणि साहेबांचे सारे वाद सध्या त्या टाकीभोवती फिरत होते.

ताजा वाद मुलीशी होता. मुलगी भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवून पुन्हा सुखरूप जागे करण्याची जबाबदारी वाहणाऱ्या त्या बाईला, आईवडिलांनी ऐन थंडीत बर्फाळ तळ्याकाठी गाडीत झोपावे हे मुळीच मान्य नव्हते. एखाद्या पहाटे टाकी कोरडी पडेल आणि तुम्ही दोघे काकडून जाल, असे तिचे म्हणणे. साहेबांनी कागद ओढला. मंद आचेवर हीटर तासाला शंभर मिलिलिटर पितो; रोजचे बारा तास; शेगडीचे दोन्ही वेळचे मिळून दोनशे; सात दिवसांचे झाले नऊ लिटर आठशे. पैज लागली. दहा लिटरांत आठवडा निघाला तर मुलीने हा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि न निघाला तर गाडी विकायची. गिऱ्हाईक घरातलेच होते. साहेबांचा मेहुणा गेले वर्षभर येता-जाता गाडीच्या चाकांना मायेने लाथ मारून पाहत असे.

साहेबांच्या पत्नीला सगळे सिस्टरबाई म्हणत, कारण हयातभर त्यांनी रुग्णालयात परिचारिकेचे काम केले होते. पैज लागली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. गाडी घेतानाही त्या बोलल्या नव्हत्या. नोंदणीच्या अर्जातल्या दोन चुकांवर साहेब कीस पाडत बसले, चुका दुरुस्त झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून अडून राहिले, तेव्हा कंटाळलेल्या कारकुनाने अर्ज बाईंपुढे सरकवला. बाईंनी सही केली आणि काम संपले. हीटर बसवायच्या दिवशीही तेच. पंपाचे माप कुणी प्रमाणित केले आहे, असे साहेब गॅरेजच्या मालकाला विचारत राहिले, आणि मिस्त्रीने वापराच्या सूचना बाईंनाच सांगितल्या.

रात्री टाकी दहा लिटर भरून आठवडा सुरू झाला. साहेब सकाळी सात वाजता टाकीत खुणांची काठी बुडवत, आकडा वहीत लिहीत आणि तळ्याला फेरी मारायला जात. नऊला परतून पुन्हा काठी. चार दिवस आकडे असे शिस्तीत चालले की साहेबांना मुलीची दया येऊ लागली. पाचव्या सकाळी मात्र विपरीत घडले. सातला टाकीत तीन लिटर होते. नऊला तीन लिटर दोनशे.

साहेबांनी काठी पुसली, पुन्हा बुडवली, चष्मा पुसला. मग उष्णतेने द्रव प्रसरण पावतो हे आठवून ते गणिताला बसले. गणित सुटले, पण निष्कर्ष पटण्याजोगा नव्हता: एवढे प्रसरण व्हायला टाकीतले डिझेल नुकत्याच गाळलेल्या चहाइतके तापायला हवे होते. टाकीला हात लावला तर बोटे बधिर झाली.

‘‘आपली टाकी डिझेल तयार करायला लागली आहे,’’ ते गंभीरपणे म्हणाले.

‘‘बरंच झालं की,’’ बाई कांदा चिरत म्हणाल्या, ‘‘या वयात कुणीतरी कामाला लागलं.’’

सहाव्या दिवशी साहेब नेहमीप्रमाणे निघाले आणि पन्नास पावलांवरच्या झाडामागे उभे राहिले. पाच मिनिटांत हीटर घरघरू लागला. हा मंद आचेचा आवाज नव्हे, हे त्यांच्या सरावलेल्या कानांनी ओळखले. धूर सोडणाऱ्या नळीखालचा बर्फ वितळून परातीएवढे वर्तुळ ओले झाले. खिडकीतून बाई दिसत होत्या: स्वेटर काढून, पाय लांब करून, पुस्तक वाचत. दीड तासाने हीटरचा आवाज पुन्हा मंदावला. बाई बाहेर आल्या, मागच्या कप्प्यातून अडीअडचणीसाठी ठेवलेला पाच लिटरांचा कॅन काढला, आणि त्यातले डिझेल एका जुन्या पळीने टाकीत ओतू लागल्या. आठ पळ्या. शेवटची जरा सढळ.

फसवणुकीचे दुःख साहेबांना झालेच. पण त्याहून अधिक लागले ते हे की, ज्या मापावर त्यांच्या पैजेचा निकाल अवलंबून होता, त्या मापावर कुठल्याही खात्याचा शिक्का नव्हता.

झाडामागून ते तळ्याच्या फेरीला निघून गेले. गप्प राहिले तर गाडी वाचत होती. बाईंना तळ्याकाठची सकाळ किती आवडते, हे त्यांना ठाऊक होते. स्वतःला किती आवडते, हे कबूल करायची वेळ अद्याप आली नव्हती. पण तेहतीस वर्षांत ज्याने मापात कानाडोळा केला नाही, त्याने तो स्वतःच्या गाडीत करावा, हे काही केल्या घशाखाली उतरेना. सातव्या दिवशी बाई हात धुवायला गेल्या तेव्हा त्यांनी कॅनमध्ये उरलेले डिझेल मोजले आणि वहीत लिहिले.

दुपारी मुलगी आली. साहेब उभे राहिले आणि त्यांनी निकाल वाचला. टाकीतून नऊ लिटर साडेसहाशे, कॅनमधून तीन लिटर चारशे. एकूण तेरा लिटर पन्नास.

‘‘मी हरलो,’’ ते म्हणाले, आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

मुलीने आईकडे पाहिले. सिस्टरबाई मुळीच गांगरल्या नाहीत. रुग्णाला औषध समजावून सांगावे तशा त्या म्हणाल्या, ‘‘सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते. रोज काही वेळ पूर्ण पेटवायचा, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. तुझ्या बाबांचं ऐकलं असतं, तर हीटर आठवडाभर टिकला नसता.’’

‘‘मला सांगितलं का नाहीस?’’ साहेबांनी विचारले.

‘‘अहो, तुम्ही मंद आचेवर दोन पानं लिहिली होती. मध्ये कुठे बोलू?’’

मुलीने हसू दाबले, पण किल्लीकडे हात नेलाच. पैज ती पैज, मामा उद्याच घेऊन जाईल, असे ती म्हणाली.

‘‘पैज तुम्हा दोघांची,’’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘गाडी माझ्या नावावर आहे. मला कुणी विचारलं होतं?’’

साहेबांना तो अर्ज आठवला. त्यातल्या चुका अजून दुरुस्त झाल्या नव्हत्या, हेही आठवले. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

मुलीने किल्ली उचलली. शेवटी तिने एकच अट घातली: टाकीचा कारभार आईकडे, आणि कॅन सदैव दोन. किल्ली तिने आईच्या हातात दिली.

ती गेल्यावर साहेबांनी हत्यारांच्या पेटीतून कानस काढली, पळी मागून घेतली आणि पितळी मापाने तीत बरोबर साठ मिलिलिटर पाणी भरून, पाणी पोचले तिथे आतल्या बाजूने बारीक रेघ कोरली. दुसऱ्या दिवशी ते फेरीला न जाता शेजारी उभे राहिले. बाईंनी पळी कॅनमध्ये बुडवली, रेघ नीट निरखून पाहिली, आणि काठोकाठ भरून टाकीत ओतली.