मोरीतल्या नळाचं पाणी

वाकड्या चोचीचं, डोळेच नसलेलं बगळ्याचं पिल्लू सकाळी नदीकाठी सापडलं, तेव्हाच प्रयोगशाळेतल्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. खाणीचं सांडपाणी थेट नदीत सुटतं, आणि पाण्याच्या अहवालात पिल्लांना असं व्यंग आणणारं सेलेनियम औषधालाही नाही? नदीच्या पाण्याचे नमुने आणणारा तर त्यांचा सख्खा दीर!

आजची बाटली येताच बाईंनी आधी क्लोरीन तपासलं. पाणी गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन होतं.

"भाऊजी, क्लोरीन नळाच्या पाण्यात असतं. ही बाटली कुठं भरलीत?"

दीर चाचरला. "घरीच, वहिनी. आपल्या मोरीत. नदीपर्यंत तंगडतोड कोण करणार? तुम्ही तरी कधी विचारलंत?"

बाईंनी रागारागाने जुने अहवाल ओढले. सगळ्यांवर सही त्यांचीच होती.